केसबुकातली कोरी पानं

२०२० हे साल जागतिक आरोग्य संघटनेने ‘परिचारिका आणि सुईणींचं वर्ष’ म्हणून जाहीर केलं होतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला त्या वर्षी दोनशे वर्षं होत होती. समारंभ ठरले होते. पण मार्च उजाडला आणि करोनाची साथ आली. २२ मार्चला देशभर थाळ्या वाजल्या, २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. त्याच सुमाराला बहुतेक ठिकाणी नर्सिंग शिकणाऱ्या मुलींना वसतिगृहं रिकामी करायला सांगण्यात आलं. रुग्णालयांत माणसं कमी पडत होती आणि रुग्णसेवेचं शिक्षण घेणाऱ्या मुली बॅगा भरून गावाकडे निघाल्या होत्या. पुढचं शिक्षण त्यांना फोनवर मिळणार होतं.

या गोष्टीला आता पाच वर्षं उलटून गेली. मग आजच हा विषय कशाला, असं कुणी विचारील. कारण असं की, त्या मुली आता आपल्या दवाखान्यांत नोकरीला आहेत. आपल्या लेकी-सुनांची बाळंतपणं त्या करताहेत. नवऱ्याची मारहाण सोसून दवाखान्यात येणाऱ्या बायकांशी बोलणं, त्यांना धीर देणं हे माझं काम. त्यानिमित्त जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत माझी सतत ये-जा असते. सिस्टर लोकांशी ओळखी होतात, रात्रपाळीत चहा होतो, गप्पा होतात. २०२० आणि २०२१ या वर्षांत शिकलेल्या मुलींशी गेल्या काही महिन्यांत मी मुद्दाम बोलले. कुणी जीएनएमच्या, कुणी बीएस्सी नर्सिंगच्या, काही एएनएमच्या, दोघी-तिघी फिजिओथेरपीच्या आणि लॅबच्या. ‘ऑनलाइन शिक्षण कसं वाटलं?’ हा माझा साधा प्रश्न. त्यावर नेटवर्कची गाऱ्हाणी ऐकू येतील अशी माझी अपेक्षा होती. ती तर आलीच, पण त्यापलीकडचंही पुष्कळ ऐकायला मिळालं.

आधी नेटवर्कचंच बोलू. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार आपल्या देशातल्या ग्रामीण घरांपैकी जेमतेम १५ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती आणि ४.४ टक्के घरांत संगणक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात, म्हणजे साथीच्या आधी सुरू होऊन साथीच्या काळात पुरी झाली. तिच्यात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी फक्त ३३.३ टक्के स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरलेलं आढळलं. पुरुषांत हे प्रमाण ५७.१ टक्के होतं. ग्रामीण स्त्रियांत तर २४.६ टक्केच. स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया ५४ टक्के. ‘आता वर्ग फोनवर भरतील’ हे परिपत्रक काढणाऱ्याच्या टेबलावर यातले काही आकडे आधीपासून होते, बाकीचे कुणालाही गावात फिरून दिसले असते. त्यात ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, तिथे फोन चार्ज करण्याचीच पंचाईत.

कोकणातच पशुवैद्यक शास्त्र शिकणाऱ्या एका मुलीने रेंज मिळते म्हणून डोंगरावर खोपटं बांधून अभ्यास केला. वर्तमानपत्रांनी तिचं भरभरून कौतुक केलं. तिच्या जिद्दीला माझाही सलाम आहे. पण मुलीला शिकायचं तर पावसाळ्यात डोंगरावर जाऊन बसावं लागतं, याची कुणाला लाज वाटलेली दिसली नाही. बाईच्या सोसण्याचं कौतुक केलं की व्यवस्थेला जाब विचारावा लागत नाही, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे.

आता नेटवर्कपलीकडचं. विदर्भातल्या एका खेड्यातून आलेली सिस्टर म्हणाली, ‘ताई, वसतिगृहात मी विद्यार्थिनी होते. घरी आले आणि परत घरची पोरगी झाले.’ तिचं लेक्चर दहा ते एक. नेमकी स्वयंपाकाची वेळ. घरात स्मार्टफोन एकच, तोही वडिलांचा. भाऊ दहावीला, तेव्हा पहिला हक्क त्याचा. रोजच्या दीड जीबीत दोघांचे वर्ग बसायचे नाहीत. उरलेल्या डेटात तिने शिकायचं. एका हाताने पोळ्या लाटत दुसरीकडे भिंतीला टेकवलेल्या फोनवर हृदयाच्या झडपांचा धडा ऐकायचा. ‘घरीच तर आहेस, जरा हे करून टाक,’ हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकलं याची मोजदाद नाही, असं जवळजवळ प्रत्येकीनेच सांगितलं. भावाला मात्र हे वाक्य कुणी ऐकवलं नाही.

अभ्यासाला लागणारा एकांत आणि वेळ या वस्तू मुलींना आपल्या घरांत सहसा मिळत नाहीत. म्हणून तर गावोगावच्या मुलींसाठी वसतिगृहांचं मोल इतकं मोठं. तिथे जेवण पातळ असेल, पाणी वेळेवर येत नसेल, वॉर्डनबाई खाष्ट असतील, पण ‘मी अभ्यास करते आहे’ या वाक्याला तिथे किंमत असते. वसतिगृह बंद झालं तेव्हा मुलीच्या हातून खोली गेलीच, शिवाय विद्यार्थिनी म्हणून असलेला दर्जाही गेला. काहींच्या बाबतीत शिक्षणच गेलं. टाळेबंदीत लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा होती. कमी खर्चात उरकतंय तर उरकून टाकू, असा हिशेब कितीतरी घरांनी केला. माझ्याशी बोललेल्या मुलींपैकी प्रत्येकीला अशी एक तरी वर्गमैत्रीण आठवत होती, जी मार्चमध्ये घरी गेली आणि वर्ग पुन्हा भरले तेव्हा परत आलीच नाही.

आणखी एक गोष्ट अशी, की जी फक्त आरोग्याचं शिक्षण घेणाऱ्या मुलींच्याच वाट्याला आली. यांचा अभ्यासच मुळी शरीराचा. मासिक पाळी, गर्भधारणा, गर्भनिरोधक साधनं, प्रसूती, गुप्तरोग. वर्गात हे विषय मोकळेपणाने शिकवले जातात. पण दोन खोल्यांच्या घरात, सासरे समोर बसलेले आणि फोनमधून बाईंचा आवाज येतोय, ‘निरोध कसा वापरावा हे आज आपण पाहणार आहोत’. इअरफोन तुटलेला. लग्न झालेल्या एका विद्यार्थिनीने तो अख्खा पाठ आवाज बंद करून नुसत्या चित्रांवर पाहिला. घरच्यांना वाटलं, ही भलतंच काही बघते. फोन काढून घेतला गेला. आपल्या घरांमध्ये बाईच्या शरीराबद्दल जी चुप्पी आहे, ती मोडायला जी मुलगी निघाली होती तिलाच त्या चुप्पीने घरात गाठलं.

कॅमेऱ्याचंही असंच. काही शिक्षकांचा आग्रह असे की कॅमेरा चालू हवा. म्हणजे मागची पत्र्याची भिंत, दोरीवरचे कपडे, आजारी आजी, सगळं साठ जणांना दिसणार. काही मुलींना गरिबीची लाज वाटली, काहींना भीती. वर्गातल्या मुलांनी पडद्यावरचे फोटो काढून ठेवल्याचे, वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटातून नंबर घेऊन रात्री-अपरात्री मेसेज केल्याचे प्रकार दोघींनी सांगितले. तक्रार कुणाकडे केली? कुणाकडेच नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आणि त्याखालची तक्रार समिती कॉलेजच्या फलकावर होती. कॉलेज बंद, फलक कुलपात.

अर्थात, सगळ्यांनी सगळंच वाईट सांगितलं असं नाही, आणि ते लपवणं बरोबर होणार नाही. नोकरी सांभाळून पुढचं शिकणारी एक सिस्टर म्हणाली, ‘रेकॉर्ड केलेलं लेक्चर ही माझ्यासाठी देणगी होती. मुलगी झोपली की रात्री अकराला ऐकायचे, नाही समजलं तर परत ऐकायचे.’ आणखी एक, लाजरीबुजरी. भर वर्गात हात वर करून शंका विचारायची तिची कधी हिंमत झाली नव्हती. फोनवर मात्र ती लिहून विचारू लागली. इंग्रजी कच्चं असलेल्या मुलींना धडा थांबवून शब्द शोधता आला. परगावच्या अनुभवी प्राध्यापिकांची व्याख्यानं आडगावच्या मुलींना ऐकायला मिळाली. पुस्तकी भाग असा शिकता येतो, चांगला शिकता येतो, हे त्यांचं स्वच्छ मत आहे. पण त्याच दमात त्या म्हणतात की हात पडद्यावर तयार होत नाही.

आणि या सगळ्या प्रश्नाची गाठ इथेच आहे. नर्सिंग हे हाताचं शिक्षण आहे. दंडाला पट्टा बांधून, स्टेथोस्कोप लावून रक्तदाबाचा पहिला ठोका कानाने पकडायचा असतो. अशक्त बाईच्या हातावरची शीर डोळ्यांना दिसत नाही, ती बोटाला सापडते. पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठे आणि पाठ कुठे हे ओळखायचं असतं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव नेहमीचा आहे की धोक्याचा, हे कापडाकडे पाहून क्षणात ठरवायचं असतं. ते ठरवायला उशीर झाला तर बाई दगावते. म्हणूनच नाइटिंगेलने १८६० साली परिचारिकांची शाळा काढली ती लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात. आपल्याकडे रमाबाई रानड्यांनी सेवासदनाच्या बायकांना परिचारिकेचं शिक्षण द्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात पाठवलं. परक्या माणसांच्या अंगाला हात लावायचा म्हणून हे काम त्या काळी हलकं मानलं जाई. लोकांची बोलणी खाऊन मिळवलेली ती जागा होती. रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचण्याचा बाईचा हक्क हा आपल्या चळवळीच्या इतिहासाचा भाग आहे.

नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थिनीकडे एक केसबुक असतं. तिने किती गरोदर बायका तपासल्या, किती बाळंतपणं पाहिली, किती स्वतःच्या हातांनी केली, याची नोंद त्यात असते. पदवीच्या अभ्यासक्रमात वीस नैसर्गिक बाळंतपणं स्वतः करावीत अशी अपेक्षा असायची. टाळेबंदीत या पानांचं काय झालं? मुलींनी इंजेक्शनचा सराव संत्र्यावर केला, उशीला अंघोळ घातली, धाकट्या बहिणीच्या बाहुलीवर बाळंतपण शिकल्या, आजीचा रक्तदाब मोजून वहीत चार वेगवेगळ्या पेशंटची नावं घातली. परीक्षा जवळ आली तशी ती पानं भरली गेली. कुणाकडून, कशी, हे त्या सांगतात आणि गप्प होतात. एक जण म्हणाली, ‘पान भरलंय ताई, पण मला ते कोरंच दिसतं.’ वर्ग पुन्हा भरल्यावर काही कॉलेजांनी जादा पाळ्या लावून ही कसर भरून काढली, त्यांचे आभारच मानले पाहिजेत. पण ज्या खाजगी कॉलेजांना स्वतःचं धड रुग्णालयच नव्हतं, त्यांना ही टाळेबंदी सोयीची ठरली. व्हिडिओ पाठवला की काम भागलं. फी मात्र पूर्ण वसूल झाली, वॉर्डातल्या प्रशिक्षणाची आणि काही ठिकाणी बंद वसतिगृहाचीसुद्धा.

आता यातली सर्वांत मोठी विसंगती पाहा. दुसरी लाट भरात असताना, ३ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने मनुष्यबळ वाढवण्यासाठी काही निर्णय जाहीर केले. एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली फोनवरून सल्ला द्यावा आणि सौम्य रुग्णांवर लक्ष ठेवावं. डॉक्टरांपैकी आंतरवासितांना कोविडच्या कामावर घ्यावं. आणि जीएनएम, बीएस्सी नर्सिंगच्या अंतिम परीक्षेची वाट पाहणाऱ्या विद्यार्थिनींनाही ज्येष्ठांच्या देखरेखीखाली पूर्णवेळ कोविड सेवेत घेता येईल. म्हणजे शेवटच्या वर्षाचा होणारा डॉक्टर फोनवर आणि शेवटच्या वर्षाची होणारी नर्स खाटेपाशी. वर्षभर जिला सांगितलं की वॉर्ड तुझ्यासाठी धोक्याचा आहे, तू घरी बसून शीक, तिलाच एके सकाळी सांगितलं की उद्यापासून वॉर्डात ये. शिकण्यासाठी वॉर्ड बंद होता, राबण्यासाठी तो उघडला. त्या गेल्याही. एकीने सांगितलं, ‘ऑक्सिजनचा फ्लोमीटर मी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतला तो मरणाऱ्या माणसाजवळ.’ तिला तो कसा लावायचा हे दाखवलं एका वॉर्डातल्या मावशींनी. शिक्षकांची देखरेख कागदावर होती.

त्या काळात संसर्गाचा धोका खरा होता आणि मुलींना सरसकट वॉर्डात ढकलायला हवं होतं, असं मी म्हणत नाही. पण पर्याय दोनच नव्हते. लस आल्यावर आणि संरक्षक पोशाख पुरेसे मिळू लागल्यावर लहान लहान तुकड्या करून मुलींना आधी प्रसूती आणि बाल विभागात, कोविडबाहेरच्या वॉर्डांत परत आणता आलं असतं. काही ठिकाणी तसं झालंही. जिथे झालं नाही, तिथे तो विचारच कुणी केला नाही. कारण ठरवणाऱ्यांच्या टेबलाभोवती परिचारिका नव्हत्या आणि विद्यार्थिनी तर नव्हत्याच.

आणि आता या मुलींच्या कपाळावर शिक्का बसला आहे: ‘कोविड बॅच’. शीर सापडायला वेळ लागला की सिनियर म्हणतात, ‘मोबाइलवर शिकलेल्या तुम्ही!’ हा नुसता टोमणा राहत नाही. एका खाजगी रुग्णालयात मुलाखतीलाच सांगण्यात आलं, तुमची बॅच कच्ची, तेव्हा पहिलं वर्ष कमी पगारावर काम करा. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली आणि बाँड लिहून घेतला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातसुद्धा परिचारिकेला किमान २०,००० रुपये पगार असावा अशी शिफारस केली होती. या मुलींच्या हातात येतात त्याच्या निम्मे. म्हणजे शिक्षणातली जी उणीव सरकारने आणि संस्थांनी ठेवली, तिची किंमत मुलीने आपल्या पगारातून फेडायची. आणि उद्या कुठे काही बरंवाईट झालं तर पहिलं बोट तिच्याकडेच दाखवलं जाणार, कारण बाळंतपणाच्या टेबलाशी रात्री दोन वाजता ती एकटीच असते.

या मुलींना काय हवं आहे? मी विचारलं. कुणीही सवलत मागितली नाही. बहुतेकींनी मागितला तो सराव. आमच्यासोबत कुणी अनुभवी सिस्टर महिनाभर उभी राहू दे, चुकलं तर ओरडू दे, पण शिकवू दे. इतकं साधं मागणं. २०२० ते २०२२ या काळात शिकलेल्या परिचारिकांसाठी सरकारी रुग्णालयांत देखरेखीखाली सरावाची सोय व्हावी, ती पगारी असावी आणि तिचा कुठलाही शेरा प्रमाणपत्रावर नसावा, ही आपली पहिली मागणी असली पाहिजे. शिकवणाऱ्या सिनियर सिस्टरांनाही त्याचं मानधन मिळावं. नाहीतर त्यांच्या पाळीत आणखी एक काम वाढेल, एवढंच.

दुसरी गोष्ट वसतिगृहांची. पुढची साथ, पूर किंवा वादळ येईल तेव्हा मुलींची वसतिगृहं ही सर्वांत आधी कुलूप लावायची जागा नसावी. सुरक्षित अंतर राखून, निदान ज्यांच्या घरी अभ्यास अशक्य आहे त्यांच्यासाठी, ती चालू राहिली पाहिजेत. आणि घरी जावंच लागलं, तर गावातली शाळा, समाजमंदिर, ग्रामपंचायतीची खोली, यांपैकी एक जागा दुपारचे काही तास मुलींच्या अभ्यासाला मिळावी. हे ग्रामसभेत ठराव करून आजही होण्यासारखं आहे.

तिसरी गोष्ट, फोनवरचं शिक्षण आता कायमचं आलं आहे. ते राहो, पण मुलींना विचारून राहो. वेळ त्यांच्याशी बोलून ठरावी, धडे पुन्हा ऐकता येतील असे जतन व्हावेत, कॅमेऱ्याची सक्ती नसावी, पडद्यावरच्या छळाचीही तक्रार समितीने दखल घ्यावी. आणि ज्या कॉलेजला मुलींसाठी पुरेशा खाटांचं रुग्णालय नाही, त्याने व्हिडिओ दाखवून ती उणीव झाकू नये. स्वस्तातलं शिक्षण म्हणून हा मार्ग पुढे रेटला जाईल तेव्हा आपण सावध असायला हवं.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीतरी जणी स्वतः परिचारिका आहात, आशाताई आहात, नर्सिंग शिकणाऱ्या मुलींच्या आया आहात. तुमच्या दवाखान्यात अशी कुणी नवी सिस्टर असेल तर ‘कोविड बॅच’ म्हणण्याआधी तिच्याशी बोला. तिने काय शिकलं, काय राहून गेलं, ते तिच्याच शब्दांत आम्हाला लिहून पाठवा. नाव छापायचं नसेल तर तसं कळवा. पुढच्या अंकात ही पत्रं आम्ही छापणार आहोत आणि त्यांचा एक संच आरोग्य विद्यापीठाकडे आणि परिचर्या परिषदेकडे पाठवणार आहोत. पत्रं एकत्र गेली तर त्यांचं वजन पडतं, हा आपला आजवरचा अनुभव आहे.